खुनी पहिल्या पाच मिनिटांत कळतो, मग ‘डबल इन्डेम्निटी’त पाहायचं काय?

आमच्या फिल्म मंडळात हा सिनेमा मी आजवर तीनदा लावला. तिन्ही वेळा दिवे लागल्यावर तीच दोन वाक्यं कानावर आली. एक: “खून कोणी केला ते सुरुवातीलाच सांगून टाकलं, मग राहिलं काय?” दुसरं: “त्या बाईनं नादी लावलं हो, बिचारा फुकट गेला.” दोन्ही वाक्यांचं मूळ एकच. लोक हा सिनेमा ‘खुनी कोण’ या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसतात आणि उत्तर हातात आलं की पाहायचं थांबतात. पुढचा दीड तास ते नुसते समोर बसलेले असतात.

हा लेख ज्यांना या सिनेमावर मंडळात बोलायचंय, रसास्वादाच्या वर्गासाठी टिपण करायचंय किंवा लेख लिहायचाय त्यांच्यासाठी आहे. सिनेमा नीट लागायला दोन पाहणी पुरतात, तिसरं अर्धंमुर्धं. मात्र क्रम चुकला की दहा वेळा पाहूनही हाती काही लागत नाही.

कोणता सिनेमा ते एकदा पक्कं करू. साल १९४४, पॅरामाउंटची निर्मिती, दिग्दर्शक बिली वाइल्डर, पटकथा वाइल्डर आणि रेमंड चँडलर यांची. कृष्णधवल, लांबी १०७ मिनिटं. लॉस एंजेलिसमधला विमा एजंट वॉल्टर नेफ (फ्रेड मॅकमरे), गिऱ्हाइकाची बायको फिलिस डीट्रिक्सन (बार्बरा स्टॅनविक) आणि विमा कंपनीत दावे तपासणारा बार्टन कीज (एडवर्ड जी. रॉबिन्सन). एवढी तीन नावं लक्षात असली की पुरे.

सावधान: याच नावाचा १९७३चा रंगीत टीव्ही-सिनेमाही आहे. घाईत तोच लावणारे भेटले आहेत. लावण्याआधी साल तपासा.

पहिल्या दोन टप्प्यांत कथेचा पुढचा भाग फोडलेला नाही. तिसऱ्या टप्प्यानंतर मात्र सगळंच उघड आहे, तेव्हा सिनेमा न पाहता तिथून पुढे वाचू नका.

## टप्पा १ : खोली आणि पडदा

याला लोक पाच मिनिटंही देत नाहीत. सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं.

एका सभासदाच्या घरी मोठा नवा टीव्ही होता म्हणून आम्ही खेळ तिथे ठेवला. दुकानातून आला तेव्हाच्याच भडक सेटिंगवर टीव्ही चालू होता. रात्रीचे रस्ते राखाडी, सावल्या धुतलेल्या सुती कपड्यासारख्या फिक्या, आणि माणसं दूरदर्शनच्या मालिकेत चालतात तशी गुळगुळीत चालत होती. अर्ध्या तासानं कोणीतरी म्हणालं, “प्रकाशयोजनेचं एवढं नाव आहे ना, मग दिसत का नाही?” दिसणार कसं?

म्हणून सिनेमाच्या आदल्या दिवशी हे करा:

1. टीव्हीचा पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’वर आणा. ‘व्हिव्हिड’ आणि ‘डायनॅमिक’ नकोत.
2. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. प्रत्येक कंपनीनं तिला वेगळं नाव दिलंय, पण त्यात बहुधा ‘मोशन’ हा शब्द असतो.
3. चित्राच्या डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे दिसले पाहिजेत. हा सिनेमा जवळपास चौकोनी चौकटीत चित्रित झालाय. पडदा भरावा म्हणून झूम केलं तर वरची आणि खालची कडा कापली जाते. या सिनेमात तर एका महत्त्वाच्या प्रसंगात कॅमेरा पायांवरच आहे.
4. खोली अंधारी करा. काचेत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसत असेल तर ट्यूबलाइट बंद करा. अगदीच दिवा हवा असेल तर तो टीव्हीच्या मागे ठेवा.
5. आवाज मूळचा एकाच वाहिनीचा आहे. ‘सराउंड’ चालू ठेवलं तर संवाद विहिरीतून आल्यासारखे ऐकू येतात.
6. इंग्रजी सबटायटल लावा, लाज बाळगू नका. संवाद भराभर येतात आणि दुहेरी अर्थाचे आहेत. यंत्रानं भाषांतरित केलेली सबटायटल मात्र टाळा, त्यात दुसरा अर्थ मरतो आणि पहिला लंगडतो.

प्रोजेक्टरवाल्यांसाठी एक गोष्ट: भिंत जितकी काळी दिसते त्याहून जास्त काळं चित्र प्रोजेक्टर दाखवू शकत नाही. खिडक्यांवर जाड चादरी लावा, नाहीतर रात्री सातनंतर खेळ ठेवा.

तपासणी: नेफ पहिल्यांदा डीट्रिक्सनच्या दिवाणखान्यात उभा राहतो तिथे चित्र थांबवा. खिडकीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पडद्यातून उन्हाच्या तिरिपी आत येतात. त्या एकमेकींपासून सुट्या दिसायला हव्यात आणि हवेत धूळ चमकायला हवी. छायाचित्रकार जॉन एफ. साइट्झनं ती धूळ दिसावी म्हणून हवेत ॲल्युमिनियमचे बारीक कण सोडले होते. ती तुम्हाला दिसत नसेल तर दोष टीव्हीचा आहे. सेटिंगकडे परत जा.

## टप्पा २ : आधी फक्त तीन गोष्टी समजून घ्या

तीनच, त्याहून जास्त नाही. परीक्षणं वाचू नका आणि ‘फिल्म नॉयर’च्या, म्हणजे या जातीच्या काळोख्या गुन्हेगारीपटांच्या, व्याख्या पाठ करू नका. हे नाव १९४६मध्ये पॅरिसमधल्या समीक्षकांनी चिकटवलं. सिनेमा आधी आला, बारसं नंतर झालं. १९४४मध्ये सेटवर कोणालाही आपण ‘नॉयर’ करतोय याचा पत्ता नव्हता. व्याख्या हातात घेऊन पाहायला बसलात तर सावल्या मोजत बसाल आणि माणसं सुटतील.

पहिली, विम्याचं गणित. ‘इन्डेम्निटी’ म्हणजे भरपाई. आपल्याकडे आयुर्विम्याला अपघाती लाभ जोडलेला असतो तसंच काहीसं, पण अट जास्त विचित्र. सिनेमातली पॉलिसी पन्नास हजार डॉलरची अपघात पॉलिसी आहे. काही ठरावीक आणि क्वचित घडणाऱ्या अपघातांत, म्हणजे उदाहरणार्थ रेल्वेगाडीवर मृत्यू झाला, तर रक्कम दुप्पट होते: एक लाख. आत्महत्या ठरली तर काहीच नाही. सिनेमातले अर्धे संवाद या तीन आकड्यांभोवती फिरतात. गणित कच्चं असेल तर मधला कंपनीतला प्रसंग निव्वळ बडबड वाटतो.

दुसरी, डिक्टाफोन. सुरुवातीला नेफ एका यंत्रात बोलतो. तरुण प्रेक्षकांना तो फोन वाटतो. तो फोन नाही. साहेबानं मजकूर सांगायचा आणि टायपिस्टनं तो नंतर ऐकून टाइप करायचा यासाठीचं ते यंत्र आहे, आवाज मेणाच्या नळकांड्यावर कोरला जातो. म्हणजे पलीकडे ऐकणारं कोणी नाही. ऐकणारा नंतर येणार आहे.

तिसरी, सेन्सॉर. त्या काळी हॉलिवूडच्या स्टुडिओंनी स्वतःवर एक नियमावली लादून घेतली होती. गुन्हेगाराला शिक्षा व्हायलाच हवी, विवाहबाह्य संबंध उघडपणे दाखवायचे नाहीत, खुनाची कृती तपशिलात दाखवायची नाही. म्हणून महत्त्वाच्या गोष्टी कटमध्ये, डिझॉल्व्हमध्ये (एक चित्र विरत दुसरं उमटतं तिथे), सिगारेटच्या धुरात आणि तोंडाला लावलेल्या लिपस्टिकमध्ये आहेत. ‘काहीच दाखवलं नाही’ असं वाटेल तिथे जरा मागे जाऊन पाहा.

## टप्पा ३ : पहिलं पाहणं, वहीशिवाय

सलग पाहा. मध्यंतर नको, चहा नको, फोन दुसऱ्या खोलीत. वहीसुद्धा नको. पहिल्याच वेळी टिपणं काढणाऱ्यांची वही भरते, पण सिनेमा डोक्यात राहत नाही. मान खाली असते तेव्हा नेमका कट होतो.

संपल्यावर दहा मिनिटांच्या आत, कोणाशीही न बोलता, आठवतंय ते दहा ओळींत लिहा. शुद्धलेखन सोडून द्या. मग एका प्रश्नाचं उत्तर लिहा: हे सगळं नेफ कोणाला सांगतोय?

तपासणी: उत्तर ‘आपल्याला’ असं आलं असेल तर पहिली दहा मिनिटं पुन्हा पाहा. तो कीजला सांगतोय, नाव घेऊन. वर कार्यालयीन पत्राचा मायनाही आहे: प्रेषक वॉल्टर नेफ, प्रति बार्टन कीज, तारीख १६ जुलै १९३८. पैशासाठी आणि बाईसाठी खून केला, पैसाही मिळाला नाही आणि बाईही नाही, हे तो तिथेच कबूल करतो.

## टप्पा ४ : दुसरं पाहणं, तीन रकान्यांचा तक्ता

किमान एक दिवस जाऊ द्या. मग आडवा कागद घ्या आणि तीन रकाने आखा: नेफला काय माहीत, फिलिसला काय माहीत, कीजला काय माहीत. प्रत्येक प्रसंगानंतर सिनेमा थांबवून तिन्ही रकाने भरा. ‘प्रकाश’, ‘संगीत’, ‘प्रतीकं’ असले रकाने आता नकोत.

हा तक्ता का, ते सांगतो. या सिनेमात एक खुर्ची कायम रिकामी असते आणि ती कीजची असते. तो समोर बसलेला असतो तेव्हाही, कारण खरं काय चाललंय ते त्याला माहीत नसतं. फास कसा आवळतो ते तिसऱ्या रकान्यात दिसतं. बहुतेक जण मात्र पहिल्या दोन रकान्यांतच अडकतात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. सांगणारा माणूस विमा एजंट आहे. विकणं हा त्याचा धंदा. फिलिसबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं जवळजवळ सगळं त्याच्या तोंडून कळतं, आणि तिला गोळी घातल्यानंतर कळतं. त्याचं निवेदन पॉलिसीच्या कागदासारखं वाचा, बारीक अक्षरांतल्या अटींसकट.

### कुठे थांबायचं

जिना. फिलिस वर उभी, टॉवेलमध्ये. मग ती कपडे घालून खाली येते तेव्हा कॅमेरा पायांवर, घोट्यावरच्या साखळीवर. हा कॅमेरा कोणाचा? नेफचा. दोघांमध्ये वेगमर्यादेवरून जे चढाओढीचं बोलणं होतं त्यात कोण पुढे जातं आणि कोण ब्रेक लावतं ते मोजा. ब्रेक ती लावते. गंमत म्हणजे हे लक्षात ठेवणारा प्रेक्षक मला अजून भेटलेला नाही.

ट्रकची आग. गार्लोपिस नावाच्या माणसाचा खोटा दावा कीज पकडतो. लोक याला विनोदी तुकडा समजून सोडून देतात. तिसऱ्या रकान्यात ठळक लिहा: कीज खोटेपणा कसा ओळखतो? आकडेवारीवरून, आणि पोटात बसलेल्या ‘छोट्या माणसा’वरून, जो खोटं ऐकलं की त्याला जेवू देत नाही. पुढे दोन्ही गोष्टी कामाला येतात. (सोळाव्या मिनिटाच्या आसपास कीजच्या खोलीबाहेर खुर्चीत वाचत बसलेला माणूस म्हणजे स्वतः चँडलर. बघून घ्या आणि पुढे चला.)

नेफच्या घरी. इथे सिनेमातली सर्वांत महत्त्वाची बारीक अट आहे, आणि ती हटकून निसटते. नेफ निवेदनात रुलेटच्या चाकामागच्या माणसाची उपमा देतो: गिऱ्हाइकानं जुगाराच्या अड्ड्याला फसवू नये म्हणून जो पाळत ठेवतो, त्याच्याच डोक्यात एक दिवस येतं की आपणच अड्ड्याला फसवलं तर? म्हणजे फिलिस भेटायच्या आधीपासून बेत त्याच्या डोक्यात होता. रेल्वेचा, दुप्पट रकमेचा हट्टही त्याचाच. ‘तिनं नादी लावलं’ हे वाक्य लिहायचं असेल तर आधी हा प्रसंग पुन्हा पाहा.

सही. डीट्रिक्सन गाडीच्या विम्याचे कागद समजून दोनदा सही करतो, दुसरी सही अपघात पॉलिसीवर असते. फिलिसची सावत्र मुलगी लोला तिथेच बसलेली. तिला साक्षीदार करून घेणं किती थंड डोक्याचं आहे ते पाहा. तिसरा रकाना इथे कोरा.

मार्जीचा फोन. कीज नेफला आपला सहायक व्हायची ऑफर देतो. पगार पन्नास डॉलरनं कमी, पण टेबलाचं काम, डोक्याचं काम. त्याच वेळी फिलिसचा फोन येतो: नवरा आज रात्रीच्या गाडीनं निघतोय. नेफ कीजसमोर तिला ‘मार्जी’ म्हणत बोलतो. एकाच खोलीत, दोन मिनिटांत, त्याच्यासमोर दोन माणसं दोन आयुष्यं ठेवतात. मी कोणालाही या सिनेमावर एकाच प्रसंगावर लिहायला सांगितलं तर हाच सुचवतो. त्यावर फारसं कोणी लिहीत नाही, सगळे घोट्यावरच्या साखळीवर लिहितात.

खून. तीनदा हॉर्न. पुढच्या सीटमागे दडलेला नेफ उठतो आणि कॅमेरा फिलिसच्या चेहऱ्यावर जातो. खून चौकटीबाहेर. तिथे थांबून लिहा, तिच्या चेहऱ्यावर काय आहे? एकच शब्द. गटात पाहत असाल तर प्रत्येकाला स्वतंत्र चिठ्ठीवर लिहायला सांगा. आमच्याकडे बारा चिठ्ठ्यांत सात वेगळे शब्द आले, त्यात ‘समाधान’ही होतं आणि ‘कंटाळा’ही.

न सुरू होणारी मोटार. ग्लेनडेल स्थानकावर नेफ कुबड्या घेऊन डीट्रिक्सन म्हणून गाडीत चढतो, मागच्या डब्यातल्या जॅक्सन नावाच्या प्रवाशाला चुकवून उडी मारतो, दोघं प्रेत रुळावर ठेवतात. मग मोटार सुरूच होत नाही. हा तुकडा मूळ पटकथेत नव्हता, वाइल्डरनं तो नंतर घातला. तुम्ही मनात काय म्हणालात ते प्रामाणिकपणे लिहा. ‘सुरू हो एकदाची’ असं म्हणाला असाल तर तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात ते आता कळलं असेल.

कंपनीतला प्रसंग. कंपनीचा अध्यक्ष नॉर्टन आत्महत्या ठरवून पैसे वाचवायला बघतो. कीज त्याला आत्महत्यांच्या आकडेवारीचा पाढा वाचून दाखवतो: विषानं, बंदुकीनं, उंचावरून, रंग-लिंग-ऋतूनुसार, पण ताशी पंधरा मैलांनी जाणाऱ्या गाडीच्या मागच्या टोकावरून उडी मारून जीव देणारा एकही नाही. टप्पा २मधलं गणित इथे उपयोगी पडतं. नेफच्या चेहऱ्याकडेही पाहा. कीज त्याच्याच बाजूनं बोलतोय, आणि हे नेफला सोसत नाही.

दार. कीज रात्री नेफच्या घरी येतो. त्याच्या डोक्यात एक गोष्ट खटकलीय: पाय मोडला तेव्हा डीट्रिक्सननं दावा का केला नाही? पॉलिसी आहे हेच त्याला माहीत नसेल तर? तिसरा रकाना इथे एकदम भरतो. त्याच वेळी फिलिस बाहेर पोचते आणि उघड्या दारामागे दडते. (सहसा घराचं दार आत उघडतं, हे बाहेर उघडतं. सोय म्हणून केलंय. त्याबद्दल पुढे.)

कीजची नोंद. नेफ रात्री कीजच्या डिक्टाफोनवरची नोंद चोरून ऐकतो. कीजनं नेफबद्दल हमी दिलेली आहे. तिसऱ्या रकान्यात एकच गोष्ट चुकीची भरली गेली आहे, आणि ती अजाणता नाही, विश्वासानं भरली गेली आहे.

शेवटचा दिवाणखाना. नेफ येण्याआधी फिलिस एकटी दिवे मालवते आणि गादीखाली पिस्तूल ठेवते. नेफ तिथे नाही. मग हे आपल्याला सांगतंय कोण? सिनेमा निवेदकाला सोडून पुढे गेल्याचं हे एक पक्कं ठिकाण. दुसरं सापडतं का ते तुम्ही पाहा.

तपासणी: तक्ता भरल्यावर तिसऱ्या रकान्यात सर्वांत कमी नोंदी असायला हव्यात. तो पहिल्या रकान्याइतका भरलेला दिसला तर तुम्ही स्वतःला माहीत असलेलं कीजच्या नावावर टाकलंय. खोडा.

## टप्पा ५ : आवाज बंद, फक्त तीन तुकडे

सगळा सिनेमा पुन्हा पाहायची गरज नाही. आवाज शून्यावर आणा आणि तीनच ठिकाणं पाहा: पहिला दिवाणखाना, जेरीज मार्केटमधल्या भेटी, शेवटचा दिवाणखाना.

मार्केटवर जास्त वेळ घालवा. ‘नॉयर म्हणजे अंधार’ ही समजूत तिथे मोडते. डबे ओळीनं रचलेले, लख्ख उजेड, कोणीतरी बाई वरच्या फळीवरचं काहीतरी काढून द्यायला सांगते, आणि दोघं समोर बघत, एकमेकांकडे न बघता, नवऱ्याला मारायचं कसं ते ठरवतात. पुढच्या भेटीत तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा असतो. उजेड वाढला आहे की कमी झाला आहे?

याच वेळी काड्यांचा हिशेब करा. कीजकडे सिगार असते, काडी कधीच नसते. नेफ दर वेळी अंगठ्याच्या नखानं काडी पेटवून त्याला देतो. किती वेळा, ते मोजून लिहा. आकडा पुढच्या टप्प्यात लागेल.

सावधान, चुकीचं प्रतीक करू नका. लग्न न झालेल्या नेफच्या बोटात काही ठिकाणी अंगठी दिसते. ती मॅकमरेची स्वतःची लग्नाची अंगठी आहे, काढायची राहून गेली. मंडळात एकदा त्यावर वीस मिनिटं ‘नेफचं गुन्ह्याशी लग्न’ असं व्याख्यान झालं होतं. बाहेर उघडणारं दारही तसंच. फिलिसच्या सोनेरी विगवरही तास घालवता येतो, पण घालवू नका.

## टप्पा ६ : आता बाहेरचं वाचा

थोडक्यात, कारण हे सगळीकडे मिळतं. जेम्स एम. केनची मूळ लघुकादंबरी १९३६मध्ये साप्ताहिकातून क्रमशः आली. तिच्यामागे १९२७चा न्यूयॉर्कचा रूथ स्नायडर आणि जड ग्रे खटला आहे: नवऱ्याचा विमा काढून केलेला खून. कादंबरीत नावं वेगळी आहेत आणि शेवटही वेगळा आहे. वाइल्डरनं नेफला गॅस चेंबरमध्ये मृत्युदंड होतो असा प्रसंगही चित्रित केला होता आणि काढून टाकला.

सावधान: ‘शेवटी नेफला मृत्युदंड होतो’ असं लिहू नका. पडद्यावर तो दारात कोसळलेला आहे, तिथेच सिनेमा संपतो.

हा टप्पा पहिला केला तर काय होतं? खटला वाचून बसलेला माणूस प्रत्येक प्रसंगात ‘खरं काय घडलं’ शोधतो. नेफचं बोलणं तो ऐकतच नाही.

## टप्पा ७ : चर्चा आणि लेखन

चर्चेला ४५ मिनिटं ठेवा. चहा नंतर. आधी चहा दिला की लोक घोळक्यानं बोलतात आणि मुद्दे कपात बुडतात.

‘कसा वाटला?’ या प्रश्नानं सुरुवात करू नका. ‘छान होता’ हे उत्तर येतं आणि दार बंद होतं. हा क्रम मला उपयोगी पडलाय:

1. कीजला कळायला हवं होतं ते पहिलं ठिकाण कोणतं? (तक्ते समोर ठेवा.)
2. पिस्तूल हातात असताना फिलिस दुसरी गोळी का झाडत नाही? ती जे कारण सांगते ते मान्य आहे का?
3. नेफ हे सगळं रेकॉर्ड का करतो? पळून जायला वेळ होता.
4. काड्या किती?

दुसऱ्या प्रश्नावर हमखास ‘बाई म्हणजे असंच’ या वळणावर गाडी जाते. अडवू नका, पण पुरावा मागा: हे कोणी सांगितलं? नेफनं. कधी? तिला मारल्यावर. मग त्याच्या निवेदनाची बाजू काढून टाका आणि तिनं पडद्यावर प्रत्यक्ष काय केलं तेवढंच फळ्यावर लिहा. तरी ती निष्पाप ठरत नाही, डीट्रिक्सनच्या पहिल्या बायकोच्या मृत्यूबद्दल लोला जे सांगते ते उरतंच. पण नेफही ‘बिचारा’ उरत नाही.

इथेच एक मराठी सापळा. फिलिसला कोणी ‘विषकन्या’ म्हणतं, कोणी ‘मोहिनी’. विषकन्येला राजा पाठवतो, मोहिनीमागे देवांचं काम असतं. दोघी दुसऱ्याच्या कामावर निघालेल्या. फिलिस स्वतःच्या कामावर आहे. शब्द वापरायचाच असेल तर हा फरक त्याच वाक्यात लिहा, नाहीतर ‘फिलिस’ म्हणा, पुरतं.

लिहिणाऱ्यांसाठी थोडं. आठशे शब्दांचा लेख असेल तर कथा दोनशेच्या आत संपवा. एकच प्रसंग घ्या आणि तक्त्यातली एकच ओळ घ्या. पहिल्या परिच्छेदात ‘अजरामर’, ‘मैलाचा दगड’, ‘कालातीत’ यातला एकही शब्द आला असेल तर तो परिच्छेद खोडून दुसऱ्यापासून सुरुवात करा. बहुतेक वेळा लेख तिथूनच सुरू व्हायला हवा असतो. नावांची रूपं एकदा ठरवा. एकाच लेखात ‘डीट्रिक्सन’, ‘डायट्रिचसन’ आणि ‘डिट्रिचसन’ असे तीन नवरे मेलेले मी वाचले आहेत.

चौथ्या प्रश्नाला सुरुवातीला शांतता असते, कारण लोकांना तो पोरकट वाटतो. आकडे येऊ द्या. ते जुळणार नाहीत, वादही होईल, चालेल. मग काही न बोलता शेवटची दोन मिनिटं पुन्हा लावा. नेफ दारापाशी पडलेला. सिगारेट तोंडाला लावतो, पण काडी पेटवायला हात चालत नाहीत. कीज खाली वाकतो आणि काडी पेटवतो. पडदा काळा झाल्यावर दिवे लगेच लावू नका.